पोर्चचा ढाळ

नाशिकला दिंडोरी रोडवर मेरी या सरकारी संशोधन संस्थेच्या पुढे जुन्या बंगल्यांची एक गल्ली आहे. त्या गल्लीत दिवाकर पाठकांचा पोर्च लेव्हलमध्ये आहे, ही गोष्ट लहान पोरांनासुद्धा पाठ होती. पाठकांचा उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. कालव्याचं पाणी मैलोन् मैल न्यायचं तर तळाची पातळी बोटाबोटाने सांभाळावी लागते, आणि ती सांभाळता सांभाळता त्यांना लेव्हलचं वेडच लागलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर चहा गार झाला तरी चालेल, पण आधी कॅलेंडर सरळ व्हायचं. घर बांधलं तेव्हा पोर्चचा कोबा त्यांनी गवंड्याच्या भरवशावर सोडला नव्हता. पाण्याची नळी धरून, गुडघे सोलून घेत, आख्खा रविवार घालवून त्यांनी तो सपाट करून घेतला होता. घरी कुणीही आलं की चपला काढता काढताच त्याला ऐकून घ्यावं लागे, "लेव्हल बघा पोर्चची."

पोर्च लेव्हलमध्ये नव्हता. हे घरातल्या दोघींना, बायकोला आणि लेकीला, पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं. तो रविवार संपवून पाठक सोमवारी पहाटेच सुरगाण्याकडच्या धरणाच्या साइटवर निघून गेले. मागे हिरामण मिस्त्री फरशी बसवायला आला. त्याने कोब्यावर बादलीभर पाणी ओतलं, पाणी जिथल्या तिथे उभं राहिलं, आणि तो इंदिराबाईंना म्हणाला, "बाई, सायेबांनी काम लय झ्याक केलंय. पन रोज धुनार कसं? पानी तुंबंल, पोरगी घसरंल. जरासा ढाळ देऊ द्या कुंपनाकडं." ओवी तेव्हा नुकती चालायला लागलेली. इंदिराबाईंनी पोरीकडे पाहिलं आणि "द्या" म्हणाल्या. शनिवारी नवरा आला की सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण शनिवारी नवरा ऑफिसातले दोन सहकारी घेऊन आला, आणि दारातच, त्यांच्या देखत, अभिमानाने म्हणाला, "लेव्हल बघा पोर्चची." इंदिराबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या राहिल्या आणि शब्द घशातच राहिला. तो पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिला.

एखादी गोष्ट लपवायची म्हटलं की तिची बडदास्त ठेवावी लागते. इंदिराबाई पोर्च फक्त शुक्रवारी धुवायच्या, कारण शुक्रवारी दुपारी दिवाकर वाचनालयात जायचे. धुऊन झालं की फडक्याने ओल टिपून घ्यायच्या, म्हणजे पाण्याचा ओघळ कुठे गेला ते दिसायला नको. कुंपणाशी अळू असा माजला होता की शेजारीपाजारी मागून न्यायचे. त्या अळूला पाणी येतं कुठून, हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं. उलट फदफदं चाटूनपुसून खायचे. ओवीला हे गुपित शाळेत असतानाच कळलं होतं, तेही चेंडूमुळे. ठेवलेला चेंडू दर वेळी अळूत का जातो, असं तिने बापाला विचारायला तोंड उघडलं आणि आईने मागून असा काही चिमटा काढला की त्या दिवसापासून तीही कटात सामील झाली.

आता ओवी सातपूरच्या एका कंपनीत डिझाइनला होती आणि तिला वेड होतं गाड्यांचं. तेही नुसतं बघण्याचं नाही, पळवण्याचं. लहानपणी नाशिकच्या आसपासच्या डोंगरवाटांवर धुरळा उडवत जाणाऱ्या रॅलीच्या गाड्या बापाच्या खांद्यावर बसून बघितल्या होत्या, तेव्हापासून लागलेलं. टर्बो इंजिनाची एक जुनी लाल हॅचबॅक तिने घेतली होती. सुट्टी मिळाली की पुण्याकडच्या ट्रॅकवर जायची आणि टायर झिजवून परत यायची. इंदिराबाईंना हे पसंत होतं असं म्हणवत नाही, पण जाताना गाडीच्या डिकीत धपाट्यांचा डबा ठेवायला त्या कधी विसरल्या नाहीत.

यंदा गोष्ट नुसत्या हौसेची राहिली नव्हती. तेजस्विनी नावाची एक बाई, स्वतः एके काळी शर्यतीत गाडी चालवलेली, आपला संघ उभा करत होती. तिला पुढच्या हंगामासाठी एक नवा चालक हवा होता. त्यासाठी रविवारी त्याच ट्रॅकवर चाचणी ठेवली होती. प्रत्येकाने आपापली गाडी आणायची, सकाळी सराव, दुपारी घड्याळ लावून फेऱ्या. जागा एकच. ओवीने मागच्या वर्षीही एका संघाकडे अशी चाचणी दिली होती आणि थोडक्यात हुकली होती. त्या दिवशी वळणावर गाडीचं नाक आत यायलाच तयार नव्हतं. स्टिअरिंग फिरवावं आणि गाडीने आपली सरळच जायची वाट धरावी. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि आतला भाग नवाच्या नवा होता.

यावर उपाय एकच होता, पुढच्या चाकांचा कॅम्बर वाढवणं. चाकं समोरून बघितली तर वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली ठेवायची. सरळ उभ्या गाडीत ती वेडगळ दिसतात. पण वेगात वळताना गाडी बाहेरच्या अंगाला कलते, सगळा भार बाहेरच्या चाकावर जातो, आणि आधीच आत झुकलेलं ते चाक नेमकं तेव्हा रस्त्यावर सपाट बसतं. ओवीने हे जेवताना समजावून सांगितलं तेव्हा दिवाकरांना फार स्पष्टीकरण लागलं नाही. कालव्याच्या वळणावर पाणी बाहेरच्या काठावर चढतं, म्हणून तो काठ आधीच उंच बांधतात, तसंच की हे, असं म्हणून त्यांनी आमटीचा भुरका मारला.

चाकं झुकवता येतील अशा नव्या प्लेटा ओवीने मागवल्या होत्या. त्या पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर, बोनेटखाली बसतात. नट सैल करून प्लेट तिच्यावरच्या खुणांप्रमाणे आत-बाहेर सरकवली की चाक झुकतं किंवा सरळ होतं. ऐनवेळी, गुरुवारी, त्या आल्या. बसवून घेऊन ओवी अंबडला साईच्या दुकानात गेली. तिचं अलाइनमेंट नेहमी साईच करायचा. साईने डोक्याला हात लावला. "ताई, मशीनचा कॅमेरा गेलाय. कंपनीचा माणूस मंगळवारशिवाय येत नाय." बाकीच्या दुकानांत चाकं तिरकी करून द्या म्हटलं की लोक ती सरळ करून द्यायला निघत.

"साईच्या दुकानात कशाला?" दिवाकर म्हणाले. "आपला पोर्च आहे ना."

ओवीने आईकडे पाहिलं. आईने ओवीकडे पाहिलं. ओळंबा लावून चाकाचं झुकणं मोजायचं तर खालची जमीन सपाट लागते. जमीनच कलती असली तर गाडीही तेवढी कलते, मग एक चाक असतं त्याहून जास्त झुकल्यासारखं वाटतं आणि दुसरं कमी. बाप आंघोळीला गेल्यावर ओवीने पोर्चच्या फरशीवर फोन ठेवून ढाळ मोजला. हिरामण मिस्त्रीने हात राखून दिला नव्हता. चाकांच्या हिशोबात तो भरपूर होता.

खरं सांगून टाकावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण आत जाऊन थोड्या वेळाने ती पुन्हा बाहेर आली तर बापाने रिटायर झाल्यापासून न काढलेला पितळी ओळंबा चिंचेने घासून लख्ख केला होता आणि तो उन्हात धरून दोरीचा पीळ बघत होता. तो चेहरा बघून हिच्यानेही बोलवेना. आईचीच पोर.

शुक्रवारी रजा टाकून सकाळपासून काम चाललं. चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरशा ठेवल्या आणि त्यांच्या मध्ये चिमूटभर रांगोळी, म्हणजे चाकाला अडखळल्याशिवाय आपली जागा घेता येते. गाडीत चालकाच्या वजनाचं माणूस बसलेलं हवं, म्हणून इंदिराबाईंना स्टिअरिंगमागे बसवलं. "माझं वजन काय आहे ते सगळ्या गल्लीला सांगायची गरज नाही," एवढं बजावून त्या मेथीची जुडी घेऊन बसल्या. ओवी जॅक लावायची, बोनेटखाली पाना घालून प्लेट सरकवायची, गाडी खाली घ्यायची, दोन-चारदा दाबून बसवायची. मग दिवाकर सतरंजीवर आडवे होऊन रिमला ओळंबा लावायचे, पोलादी पट्टीने अंतर घ्यायचे आणि आकडा सांगायचे. आकडा सांगायला ते जरा वेळ लावत. ओठ हलत, बोटांची पेरं मोजली जात. बाबा आता थकले, ओवीच्या मनात आलं, एवढ्याशा आकडेमोडीला पूर्वी त्यांना क्षणही लागत नसे. तिला त्यांची माया आली आणि तिने एकदाही घाई केली नाही.

दुपारपर्यंत दोन्ही चाकं बापाच्या आकड्यांप्रमाणे अगदी सारखी झुकली. दिवाकर उठले, कंबर धरून उभे राहिले आणि समाधानाने म्हणाले, "आता पळव." मग जेवले, आणि शुक्रवार होता म्हणून वाचनालयात गेले.

त्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळली आणि दोघी कामाला लागल्या. इंदिराबाई आधी फाटकात पाहऱ्याला उभ्या राहिल्या आणि मग वजन म्हणून पुन्हा गाडीत बसल्या. ओवीचा हिशोब तयार होता. कुंपण गाडीच्या उजव्या अंगाला, पोर्च तिकडेच कलतो, म्हणजे बाबांना डावं चाक आहे त्याहून जास्त झुकलेलं दिसलं असणार आणि उजवं कमी. तेव्हा डावी प्लेट एक खूण आत, उजवी एक खूण बाहेर. बाबांनी ठेवलेल्या जागी तिने आधी मार्करने रेघ मारली आणि मग प्लेटा सरकवल्या. गाडी जुनी, डाव्या अंगाला कधीतरी मार खाल्लेली, त्यामुळे दोन्ही प्लेटा मुळात एकसारख्या दिसण्याचा प्रश्न नव्हता. परत ओळंबा लावून बघावं असं तिला वाटलं, पण ओळंबा बाबांच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या खिशात. शिवाय हिशोब बरोबर असला तर मोजायचं कशाला? हे मात्र तिचं बापाकडून आलेलं नव्हतं. चाकांची तोंडं सरळ आहेत ना, तेवढं दोरी लावून बघितलं, आणि मग इंदिराबाईंनी शुक्रवारचा पोर्चही धुऊन घेतला.

"फसवतोय का गं आपण त्यांना?" फडकं पिळताना त्यांनी विचारलं.

"जपतोय," ओवी म्हणाली.

शनिवारी ओवी पुण्याला मावशीकडे गेली. मागोमाग आपल्या जुन्या गाडीने, साठच्या वर काटा जाऊ न देता, दिवाकर आणि इंदिराबाई पोचले. चाचणीला यायचंच असा दोघांचा हट्ट होता. मागच्या वर्षी पोरगी एकटी गेली होती आणि एकटीच तोंड पाडून परत आली होती. हरली तरी या खेपेला समोर आपली माणसं असावीत, असं इंदिराबाईंचं म्हणणं होतं. दिवाकरांचं म्हणणं, हरण्याचा प्रश्न येतोच कुठे.

रविवारी सकाळी सरावाच्या पहिल्या फेरीत ओवीला हसू आवरेना. उजवीकडची वळणं लोण्यासारखी गेली. ट्रॅकवर वळणं बहुतेक उजवीच, त्यामुळे तिला वाटलं, जिंकलो. मग टेकाडावरून उतरताना ते लांबलचक डावं वळण आलं. तिने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी मागच्या वर्षीसारखीच नाक बाहेर काढून सरळ निघाली. तिने वेग कमी केला, पुन्हा केला, शेवटी चक्क रिक्षासारखं हळू जाऊन ते वळण घेतलं. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत तिने जरा धीर धरला तर उजवी चाकं गवतात गेली.

ती बाहेर आली आणि टायरांचं तापमान मोजायला लागली. डावं टायर छान, कडेपासून कडेपर्यंत सारखं तापलेलं. उजव्याची बाहेरची कड मात्र नुसती भाजत होती, आणि आतली थंड. म्हणजे उजवं चाक पुरेसं झुकलेलंच नव्हतं.

ओवी टायरापाशी उकिडवी बसून राहिली. ढाळामुळे चूक राहिली असती तर उजव्या वळणांना त्रास व्हायला हवा होता. इथे नेमकं उलटं होतं. जेवढं तिने सरकवलं तेवढंच बिघडलं होतं. याचा अर्थ सरळ होता. बाबांचं सेटिंग मुळात बरोबर होतं. पण कलत्या जमिनीवर ओळंबा लावून बरोबर आकडा येईल कसा? पोर्चचा ढाळ तिने स्वतः मोजला होता, चेंडू तिचा स्वतःचा अळूत गेला होता. की शुक्रवारी तिनेच आकडेमोडीत आत-बाहेरची गल्लत केली? ती मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहत होती आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. वेळेच्या फेऱ्या सुरू व्हायला फारसा अवकाश नव्हता. हातात दोनच गोष्टी होत्या. प्लेटा आहेत तशा ठेवायच्या आणि डाव्या वळणावर जागा घालवायची, नाहीतर बाबांच्या रेघेवर परत न्यायच्या, का ते न समजता. आणि न समजलेल्या गाडीवर त्या वळणात पूर्ण वेगाने शिरायची तिची छाती नव्हती.

आईबाबा मंडपाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. दिवाकर धपाटं खात होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, शुक्रवारी तुम्ही वाचनालयात गेल्यावर मी प्लेटा हलवल्या."

दिवाकरांनी हातातला घास खाली ठेवला. "किती?"

"एकेक खूण. डावी आत, उजवी बाहेर."

"का?"

ओवी एकेक हातमोजा काढायला लागली. उत्तर तिच्या जिभेवर होतं, पण ते तिचं नव्हतं, आईचं होतं. इंदिराबाईंनी लेकीचा चेहरा पाहिला. डब्याला झाकण लावलं, पदराला हात पुसले.

"तिला नका विचारू," त्या म्हणाल्या. "पोर्चला ढाळ आहे. मी द्यायला लावला होता हिरामणला. तुम्ही साइटवर होतात. एवढी मेहनत केली होतीत तुम्ही, मला सांगवलंच नाही."

दिवाकरांनी रुमालाला हात पुसले. मग अगदी हळू म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"ढाळ. त्याच शनिवारी कळला. फाटकातून आत आलो तर तू फरशी धुतली होतीस, ओघळ कुंपणाकडे गेलेला. मी कालवे बांधतो, इंदिरा. पाणी कुठे चाललंय ते मला दिसणार नाही का?"

"मग त्या लोकांसमोर लेव्हल बघा, लेव्हल बघा, ते काय होतं?"

"तू चहा घेऊन दारात उभी होतीस. चेहरा इतका उतरलेला. मी रागावेन म्हणून घाबरली होतीस. मग म्हटलं, आता आपणच लेव्हल म्हणून टाकावं, म्हणजे हिच्या जिवाला घोर नको. एकदा म्हटलं, मग म्हणतच राहावं लागलं."

इंदिराबाईंचा पारा चढला, आणि तोही असा की शेजारच्या खुर्च्यांवरचे लोक वळून बघायला लागले. म्हणजे इतकी वर्षं आपण बादल्या लपवत फिरलो, शुक्रवारची वाट बघत पोर्चमधली माती तुडवली, गुडघे दुखत असताना वाकून ओल टिपली, आणि हा माणूस सगळं जाणून होता, असं त्यांनी एका दमात ऐकवलं. दिवाकरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि मी दर शुक्रवारी वाचनालयात जातो, ते काय वाचायला जातो? तिथे बसून एकच पेपर दोनदा वाचतो. म्हटलं, हिचं धुऊन व्हायला हवं."

इंदिराबाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

ओवीच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. "म्हणजे तुम्ही आकडे सांगत होतात ते..."

"ढाळ धरूनच सांगत होतो. डाव्याला वजा, उजव्याला अधिक. म्हणून तर वेळ लागत होता. तुला काय वाटलं, मला वजाबाकी येईनाशी झाली?"

ओवीला नेमकं तेच वाटलं होतं. तिला रडू आलं आणि हसूही आलं. आपण फार शहाणे, आपण म्हाताऱ्याला सांभाळून घेतोय, अशा थाटात ती दोन दिवस वावरली होती. आणि म्हातारा मात्र जमिनीवर आडवा पडून, ओठ हलवत, बायकोची लाज आणि लेकीची गाडी दोन्ही एकाच हिशोबात सांभाळत होता. एकमेकांना जपण्याच्या नादात तिघांनी मिळून एक चांगली सरळ गाडी वाकडी करून ठेवली होती. या घरावर आपलं किती प्रेम आहे, हे तिला त्या क्षणी लख्ख जाणवलं.

"रडायला नंतर भरपूर वेळ आहे," दिवाकर बाह्या सरसावत म्हणाले. "पाना कुठाय?"

ट्रॅकच्या बाजूचं मैदान खडबडीत होतं, तिथे ओळंबा लावून काही उपयोग नव्हता. मार्करच्या रेघा तेवढ्या होत्या. ओवीने जॅक लावला, दोन्ही प्लेटा बापाच्या रेघेवर आणल्या, नट आवळले. चाकांची तोंडं बघायला दोरी धरली तेव्हा पुढचं टोक दिवाकरांच्या हातात होतं आणि मागचं इंदिराबाईंच्या. दोघं अजून एकमेकांशी बोलत नव्हते. पण दोरी ताणलेली राहावी म्हणून सारखं एकमेकांकडे बघावं मात्र लागत होतं, आणि इंदिराबाईंच्या ओठांचे कोपरे काही त्यांच्या ताब्यात राहत नव्हते.

मग ओवीचा नंबर पुकारला गेला.

पहिली फेरी तिने टायर तापवण्यात घालवली. दुसऱ्या फेरीला घड्याळ लागलं. उजवी वळणं आली, गेली. टेकाडाचा चढ संपला, पुढे नुसतं आभाळ दिसलं, आणि मग उताराला लागताच ते डावं वळण समोर उघडलं. सकाळी इथेच तीनदा तिचा हात कचरला होता. आता गाडी मोजलेली नव्हती, तपासलेली नव्हती, हातात पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. बाबांचा शब्द तेवढा होता. ओवीने ब्रेकवरचा पाय काढला, स्टिअरिंग वळवलं आणि हात तसेच ठेवले.

गाडीचं नाक आत आलं. उजवं टायर जमिनीवर पसरलं, रुतलं, आणि आख्खी गाडी त्या एका चाकावर विसंबून वळणाच्या आतल्या कडेला चिकटून निघाली. ओवी हेल्मेटच्या आत एकटीच "बाबा, बाबा" म्हणत होती. वळण संपलं तेव्हा आपण वेग कमी करायचा विसरलो होतो, हे तिच्या ध्यानात आलं.

दुपार कलल्यावर तेजस्विनी हातात कागद न घेताच त्यांच्या खुर्च्यांपाशी आली. उंच, उन्हाने रापलेली बाई, बोलणं तुटक. सकाळी ज्या वळणावर ही मुलगी गवतात जात होती तिथेच दुपारी ती सगळ्यांहून वेगाने कशी गेली, असं तिला विचारायचं होतं. पण ते तिने नंतर विचारलं. आधी म्हणाली, "पुढच्या महिन्यात सराव सुरू होतोय. येशील ना?"

ओवीने नुसती मान हलवली. इंदिराबाईंनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो तिथेच राहू दिला.

तेजस्विनी वाकून लाल गाडीची पुढची चाकं बघत होती. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "सेटिंग सुरेख आहे," ती म्हणाली. "कुठल्या दुकानात केलंत?"

"घरी," ओवी म्हणाली. "आमच्या पोर्चमध्ये. बाबांनी."

"घरी? मग पोर्च अगदी लेव्हलमध्ये असणार तुमचा."

इंदिराबाईंचा ओवीच्या पाठीवरचा हात थबकला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी जमिनीकडे नजर वळवली. दिवाकर खुर्चीतून उठले. समोर परकं माणूस होतं, पोर्चची गोष्ट निघाली होती, आणि ते वाक्य म्हणायची वेळ झाली होती.

"छे, लेव्हल कसली," ते म्हणाले. "चांगला ढाळ आहे. आमच्या हिने उभं राहून करून घेतलाय. आजतागायत थेंबभर पाणी साचलेलं नाही." आणि मग बायकोकडे बघत, पण तेजस्विनीला, ते जरा मोठ्यानेच म्हणाले, "या एकदा बघायला."